टाळ्यांना सक्त मनाई

संजीव कानडेचं लग्न एकवीस वर्षांपूर्वी बार्शीत झालं, याला कागदोपत्री पुरावा आहे. सर्टिफिकेट आहे, अल्बम आहे, आणि अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने तीन वेगवेगळ्या वेळी त्याची खातरजमा केलेली आहे. हे लग्न झालेलं नाही असं म्हणणारी जगात एकच व्यक्ती होती, आणि ती त्याची बायको होती.

"झालेलं नाही असं नाही, पुरं झालेलं नाही," सीमा दुरुस्ती करायची. "गोंधळ कुठे घातलाय?"

मुद्दा बिनतोड होता. कानड्यांची कुलदेवता तुळजाभवानी. घरात लग्न झालं की गोंधळ घालायचा आणि मगच लग्न पुरं झालं म्हणायचं, ही घराण्याची रीत. पण लग्नाच्या चौथ्या दिवशी संजीवचं विमान होतं. जॉइनिंग डेट पुढे सरकत नव्हती, म्हणून गोंधळ पुढे सरकला. "पुढच्या ट्रिपला घालू," असं संजीव तेव्हा म्हणाला होता. त्यानंतर अकरा ट्रिपा झाल्या. एका ट्रिपला रूट कॅनाल निघालं, दोन ट्रिपा फ्लॅटच्या कागदपत्रांत गेल्या, आणि एका ट्रिपला मावसभावाचं लग्न झालं. त्याचा गोंधळ मात्र वेळेवर झाला. तो सीमाने पहिल्या रांगेत बसून, सबंध वेळ संजीवकडे बघत ऐकला.

दरम्यान ग्रीन कार्डाला चौदा वर्षं लागली, अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातल्या घराच्या बेसमेंटमध्ये दोनदा पाणी भरलं, आणि बर्फ उडवायचं स्नो ब्लोअर मशीन नेमकं पहिल्या बर्फाच्या दिवशी बंद पडायची परंपरा सुरू झाली. या घटनांना संजीव स्वतंत्र कारणं देत असे. सीमा एकच देत असे.

सप्टेंबरात ऑफिसात डबा खाताना संजीवला एका कार्यक्रमाची ईमेल आली. वूस्टरच्या एका सभागृहात ऑक्टोबरातल्या एका रविवारी जगभरातले लोककलाकार येणार होते. एकाच गळ्यातून एका वेळी दोन सूर काढणारा तुवा प्रांतातला एक गायक होता, आणि त्याच्या फोटोखाली, कवड्यांच्या माळा घातलेले, संबळ कमरेला बांधलेले गुरुनाथ गोंधळी होते. मुक्काम पोस्ट तुळजापूर.

देवी घरापासून सहा मैलांवर येणार होती. आता ट्रिपेचं निमित्त उरलं नव्हतं. संजीवने आयुष्यात पहिल्यांदा, डबा अर्धवट ठेवून फोन केला.

फोन उचलला तो दौऱ्याच्या मॅनेजरने. तिचं नाव इशिता. जन्म अमेरिकेतल्याच एडिसनचा, मराठी आईच्या धाकातलं आणि इंग्रजी कायद्याचं.

"काका, सॅटरडेला ते फ्री आहेत. व्हॅन पाचला निघते, त्याआधी ओके. पण कॉन्ट्रॅक्टमध्ये क्लॉज आहे. साठ मैलांच्या आत दुसरा परफॉर्मन्स नाही."

"अगं, हा परफॉर्मन्स नाहीच. कुलाचार आहे."

"ऑडियन्स असणार का?"

"देवी."

"अँड इन पर्सन?"

संजीवने घरचेच लोक असं सांगितलं. इशिताने वकिलांना विचारून दोन दिवसांनी कळवलं की धार्मिक विधीला हरकत नाही, मात्र परफॉर्मन्स ओळखायच्या तीन खुणा आहेत: तिकीट, जाहिरात आणि टाळ्या. यातली एक जरी दिसली तरी दौरा गोत्यात येईल. "आय हॅव टू बी देअर, काका. मला रिपोर्ट लिहायला लागतो. कोणी टाळी वाजवली तर मी तिथेच थांबवणार."

तिकीट लावायचा प्रश्नच नव्हता. जाहिरात होऊ नये याची खबरदारी संजीवने स्वतः घेतली. त्याने महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेश टाकला: 'आमच्याकडे शनिवारी तुळजापूरच्या गोंधळ्यांचा गोंधळ आहे. कृपया याची जाहिरात करू नये.' ग्रुपमध्ये चारशे बारा लोक होते. संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट जणांनी, जाहिरात न करता, आपण येत असल्याचं कळवलं. एका बाईंनी येताना ढोकळा आणू का असं विचारलं, आणि गोंधळाला ढोकळा चालतो की नाही यावर एकशे सात संदेश झाले.

मंडळात सल्ला द्यायची एक सोय आहे. तो मागावा लागत नाही.

पहिला सल्ला शैलाकाकूंचा. मंडळाच्या स्थापनेपासून त्या विश्वस्त आहेत, आणि ज्या गोष्टी आपल्याकडे कशा करतात हे आपल्याकडचे लोक विसरले, त्या सगळ्या त्यांना पाठ आहेत. "संजीव, गोंधळ दिवसाढवळ्या? गोंधळ रात्रीचा असतो रे!"

"काकू, व्हॅन पाचला निघते."

"देवीला व्हॅनचं काय सांगतोस?"

शेवटी संजीवने गुरुनाथांनाच फोन लावला. ते तेव्हा पेनसिल्व्हेनियात एका विद्यापीठाच्या जेवणघरात, वांगं म्हणून दिलेल्या पदार्थाकडे बघत बसले होते.

"तुमच्या दुपारच्या अडीचला आमच्याकडं किती वाजत्यात, साहेब?"

"रात्रीचे बारा."

"मग झालं की. देवी तिकडचं घड्याळ बघती. अडीचला म्हंजे अडीचला हात पडला पाहिजे संबळावर, एवढं जपा."

शैलाकाकूंनी हा निकाल मान्य केला, पण निदान अंधार तरी पाहिजे, अशी पुरवणी जोडली. गोंधळ गॅरेजात घालायचा, दार बंद ठेवलं की अंधार होईल असं ठरलं.

दुसरा सल्ला संग्रामचा. संग्राम नागपूरचा, हॉस्पिटलांच्या सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट मॅनेजर. "तू टेन्शन नको घेऊ ना भाऊ, मी रिस्क शीट बनवतो." त्याने बनवलेल्या तक्त्यात सदतीस ओळी होत्या. नवव्या ओळीत पार्किंग होतं, जबाबदारी संग्राम. बाविसाव्या ओळीत अंगणात अस्वल आल्यास काय करावं हे होतं. पहिली ओळ दिवटीची होती: गोंधळाला पेटती दिवटी लागते, सबब परवाना.

परवान्यासाठी संजीव अग्निशमन दलाच्या कार्यालयात गेला. तिथल्या कॅप्टनने त्याला अर्ज दिला. आग कशासाठी, या प्रश्नाखाली स्वयंपाक, पालापाचोळा आणि इतर असे तीन चौकोन होते. संजीवने 'इतर' वर खूण करून पुढे लिहिलं, देवीला बोलावणे. 'अंदाजे किती वेळ' यापुढे बराच विचार करून लिहिलं, येईपर्यंत. कॅप्टनने ते दोनदा वाचलं, संजीवकडे एकदा बघितलं आणि परवाना दिला. अटी दोनच: वाळूची बादली जवळ हवी, आणि गॅरेजचं दार निदान दोन फूट उघडं हवं.

शैलाकाकूंची अट आणि कॅप्टनची अट एकमेकींना छेद देतात, हे सदतीस ओळींपैकी एकाही ओळीत नव्हतं.

शनिवार उजाडला. गोंधळाच्या मांडवाला पाच ताटं लागतात, ज्वारीची नाहीतर उसाची. श्रूजबरीत ऑक्टोबरात भोपळ्यांच्या दुकानाबाहेर मक्याची ताटं मिळतात. अमेरिकन लोक ती हॅलोविनला दारात बांधतात. पण ती सुटी मिळत नाहीत, सोबत बुजगावणं घ्यावं लागतं. संजीवने सेट घेतला. चौकावर ताटांचा मांडव झाला आणि बुजगावणं कोपऱ्यात, स्नो ब्लोअरशेजारी उभं राहिलं. एकच्या सुमारास कोणीतरी त्याला कुंकू लावलेलं आढळलं.

भिंतींवर संजीवने सहा पाट्या लावल्या. 'टाळ्यांना सक्त मनाई.' खाली तेच इंग्रजीत. पाट्यांवर मराठी माणसाचा विश्वास किती, हे शैलाकाकूंना ठाऊक असल्याने त्यांनी येईल त्याच्या दोन्ही मुठी अक्षतांनी भरायला सुरुवात केली. "शेवटपर्यंत सोडायच्या नाहीत. भरल्या मुठीनं टाळी वाजत नाही." एवढी पक्की तजवीज मंडळाच्या पंचवीस वर्षांत कोणी केली नव्हती.

एक पन्नासला व्हॅन आली. गुरुनाथ, त्यांचे तुणतुणेवाले आणि झांजवाले असे दोन साथीदार, हातात टॅब्लेट घेतलेली इशिता, आणि सर्वांत शेवटी, दारातून तिरका होऊन, तुवाचा मेर्गेन. शनिवारी त्याला दुसरीकडे जायला जागा नव्हती. निळा रेशमी अंगरखा घातलेला तो अवाढव्य माणूस रिसायकलिंगची बादली पालथी घालून संबळाशेजारी बसला आणि कोणाशी काही बोलला नाही. पुढचा अर्धा तास मंडळाचे सभासद त्याच्याशी हळू आणि मोठ्या आवाजात मराठी बोलत राहिले.

सीमाने लग्नातला शालू नेसला होता. एकवीस वर्षांत तो अकरा वेळा विमानाने गेला होता आणि घडीही न मोडता परत आला होता. पाटावर बसताना तिने शेजारचा पाट हाताने पुसला. "या आता," ती म्हणाली. "सगळं झालंय ना?"

"आलोच," संजीव म्हणाला.

दोन वाजून वीस मिनिटांनी शेजारचे गृहस्थ दारात आले होते. त्यांच्या ड्राइव्हवेवर कोणाची तरी मिनीव्हॅन आडवी होती. ती संग्रामची निघाली. नवव्या ओळीचे जबाबदार संग्राम तेव्हा आत दोन्ही मुठी भरून बसले होते आणि किल्ली त्यांना देता आली, गाडी हलवता आली नाही. ती काढायला तिच्यामागच्या आठ काढायला हव्या होत्या. संजीवने नऊ किल्ल्या गोळा केल्या आणि अनवाणी, सोवळं नेसून, अंगावर नुसतं उपरणं घेऊन तो बाहेर गेला. तापमान चौपन्न फॅरनहाइट, म्हणजे आपले बारा अंश होतं. कपडे घातलेल्या माणसाला हा आकडा सुखद वाटतो.

पाचवी गाडी लावून तो वळला तेव्हा गॅरेजचं दार खाली येत होतं. अंधाराच्या जबाबदारीवर शैलाकाकू होत्या आणि बटण त्यांच्या हाताशी होतं. अडीच वाजले होते.

यानंतर आत काय झालं, ते संजीवला पुढे सात जणांनी सात प्रकारे सांगितलं. सर्वांचं एकमत असलेला भाग असा: गुरुनाथांनी घड्याळ बघितलं आणि विचारलं, "यजमान कुठं हाइत?"

"गाड्या लावतायत," सीमा म्हणाली.

"तिकडं बारा वाजले, ताई. आता थांबता येत न्हाई. यजमान गावाला नसला की आम्ही सुपारी बसवतो. हाय का सुपारी?"

सुपारी होती. संजीवच्या पाटावर, त्याच्यासाठी घातलेल्या रेशमी वस्त्राच्या घडीवर सुपारी बसली. तिला गंध लागलं, फूल वाहिलं, सीमाच्या पदराची गाठ सुपारीखालच्या वस्त्राला बांधली गेली, आणि संबळावर हात पडला.

बाहेर संजीवने तो आवाज ऐकला आणि दारावर थापा मारल्या. आतल्या लोकांना वाटलं, आणखी एक वाद्य आहे. तो इतका घाबरून वाजवत होता की दार लय धरून वाजत होतं, असं झांजवाल्यांनी मागाहून कबूल केलं.

आत दिवटी पेटली. बंद गॅरेजात तेलाचा धूर वर चढला, आणि दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी घरातले सातही स्मोक अलार्म एकदम किंचाळले.

लगेच संजीवचा फोन वाजला. अलार्म कंपनीची बाई होती, आवाज अतिशय शांत. घरी आग लागली आहे का, असं तिने विचारलं. आग लागलेली नाही, लावलेली आहे, असं संजीवने सांगितलं. मग पासकोड सांगा, म्हणजे बंब पाठवत नाही, ती म्हणाली.

पासकोड सीमाने ठेवला होता. संजीवने मुलीचं, सियाचं नाव सांगितलं. नाही. घराचा नंबर सांगितला. नाही. मग त्याने लग्नाची तारीख सांगितली, ती चुकली असं लक्षात येऊन दुरुस्त करून पुन्हा सांगितली, आणि तीही नाही निघाली.

"मदत निघालेली आहे, सर," बाई म्हणाली. "कृपया सुरक्षित अंतरावर उभे राहा." आपल्याच लग्नाच्या गोंधळापासून सुरक्षित अंतरावर उभं राहण्याखेरीज संजीवला दुसरा उद्योग नव्हता.

आणि तेव्हा आतून तो आवाज आला. आधी जमिनीतून यावा असा खर्ज, मग त्याच गळ्यातून निघालेली, शिट्टीसारखी बारीक रेघ. ती चढत चढत अलार्मच्या किंचाळीला जाऊन भिडली आणि तिथेच थांबली. तुणतुण्याची खुंटी पिळल्याचा आवाज झाला. मग संबळ, झांज, तुणतुणं, मेर्गेन आणि सात अलार्म असा मेळ जमला. अलार्म पहिल्यांदाच कोणाला उपयोगी पडत होते. ड्राइव्हवे मोकळा होण्याची वाट बघणारे शेजारचे गृहस्थ आपल्या घरात गेले आणि खुर्ची घेऊन आले.

सहा मिनिटांत बंब आला. त्यातून परवाना देणारा तोच कॅप्टन उतरला. त्याला अंगणात एक अनवाणी माणूस दिसला, एका हातात नऊ गाड्यांच्या किल्ल्या, दुसऱ्या हातात फोन.

"सर, या घराचे मालक तुम्ही?"

आयुष्यात पहिल्यांदाच या प्रश्नाचं उत्तर द्यायला संजीवला वेळ लागला. "गॅरेज आतून बंद आहे," तो म्हणाला.

कॅप्टन पुढच्या दाराशी गेला आणि त्याने मूठ फिरवली. दार उघडलं. ते सकाळपासून उघडंच होतं. सात वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हापासून संजीव गॅरेजमधूनच आत-बाहेर करत आला होता. या घराला पुढूनही दार आहे, ही माहिती त्याला कॅप्टनच्या पाठोपाठ आत जाताना मिळाली.

अलार्म बंद झाला तेव्हा मंडळींना क्षणभर चुकल्यासारखं झालं. धुरातून गुरुनाथांचा आवाज येत होता. ते एकेका ठिकाणाचं नाव घेऊन देवांना बोलावत होते. तुळजापूर झालं, माहूर झालं, बार्शी झाली, आणि मग, सकाळी वाटेत बघितलेलं तळं लक्षात ठेवून, त्यांनी क्विन्सिगमंडच्या तळ्यावरच्या आईलाही यायला सांगितलं. मेर्गेनने तिच्यासाठी खर्ज लावला.

कॅप्टनच्या खांद्याआडून संजीवने बघितलं. सीमा उभी होती. हातात दिवटी, शालूची घडी मोडलेली, कपाळावर घाम. संबळाच्या प्रत्येक ठोक्याला तिचं पाऊल पडत होतं आणि ती कोणाकडेही बघत नव्हती. बार्शीच्या मांडवात त्याने तिला पहिल्यांदा नीट बघितलं होतं, आणि चौथ्या दिवशी तो विमानात बसला होता. मधल्या काळात तो बहुधा कुठेतरी गाडी लावत होता.

शेवटचा ठोका पडला. त्रेसष्ट माणसं मुठी आवळून बसली होती. काहींचे डोळे भरले होते, आणि ते पुसायचीही सोय नव्हती.

संजीवच्या मुठीत अक्षता नव्हत्या. त्याने टाळ्या वाजवल्या.

खणखणीत वाजवल्या. सहाव्या का सातव्या टाळीला त्याचं लक्ष समोरच्या पाटीकडे गेलं. पाटीवरचं अक्षर त्याचंच होतं.

त्रेसष्ट माना वळल्या. इशिताने टॅब्लेट वर उचलला. "हू वॉज दॅट?" ती गुरुनाथांकडे वळली. "ऑफिशियल होस्ट कोण आहेत? मला लिहायला लागतं."

गुरुनाथांनी पाटावरच्या सुपारीकडे बोट केलं. "यजमान हे."

"ओके. मग हे काका?"

गुरुनाथ सीमाकडे बघायला लागले. शैलाकाकूही. सीमाने संजीवकडे, त्याच्या पायांकडे आणि किल्ल्यांकडे नीट बघून घेतलं. एकवीस वर्षांची सगळी दुरुस्ती एका वाक्यात करायची संधी तिच्यापुढे होती, आणि संजीवला ते कळत होतं.

"ते पार्किंग बघतात," ती म्हणाली.

इशिताने लिहिलं: टाळ्या एका व्यक्तीच्या, पार्किंग स्टाफ, प्रेक्षकांत गणना नाही. दौरा वाचला. मग मेर्गेनने दिवसभरातला एकुलता एक प्रश्न विचारला, आणि इशिताने तो सांगितला: भिंतीवरचं ते किंचाळणारं वाद्य रविवारच्या कार्यक्रमाला उसनं मिळेल का?

बंद दाराबद्दल कॅप्टनने शैलाकाकूंना समज दिली. काकूंनी त्याला पुरणपोळी दिली.

व्हॅन गेल्यावर संजीव सहाही पाट्या काढत होता. सीमा चौक आवरत होती. "मग," तो म्हणाला, "आता झालं ना लग्न पुरं?"

"माझं झालं."

"आणि माझं?"

"तुमच्या वतीनं सुपारीनं केलं की. फार छान बसली. मधे उठली नाही, एकदाही फोन बघितला नाही."

संजीवने दोन पाट्या काढल्या. "अलार्मचा पासकोड काय होता?"

"गोंधळ," सीमा म्हणाली. "घर घेतलं तेव्हाच ठेवला होता. तुमच्या लक्षात राहावं म्हणून."

सुपारी देव्हाऱ्यात गेली. संजीवला ते फारसं आवडलं नाही, पण हरकत कशी घ्यावी याचा अर्ज कुठे मिळतो, हे त्याला माहीत नव्हतं.

डिसेंबरात पहिला बर्फ पडला, अकरा इंच. संजीव जॅकेट घालून गॅरेजात गेला. बुजगावण्याला बाजूला सारून त्याने स्नो ब्लोअरची दोरी ओढली. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. तासाभराने तो, हल्लीच्या सवयीप्रमाणे, पुढच्या दाराने आत आला आणि म्हणाला, "बघितलंस? नोव्हेंबरात मी प्लग बदलला होता."

"हो का?" सीमा म्हणाली. ती उठली, देव्हाऱ्याशी गेली आणि तिने सुपारीला एक फूल वाहिलं.